कासवाच्या पानांत काय वाढावें?

मुक्या प्राण्याला दोन घास घालणें हें आपल्या समाजांत पुण्यकर्म मानिलें जातें. देवळाच्या दाराशीं गाईसाठीं घेतलेली गवताची पेंढी, वारुळाच्या तोंडाशीं टाकलेली चिमूटभर साखर, अंगणांत चिमण्यांसाठीं पसरलेले तांदूळ, यांपैकीं कांहीं ना कांहीं प्रत्येक घरीं घडतच असतें. ह्या सवयीविरुद्ध आम्हांस एक अक्षरही लिहावयाचें नाहीं. परंतु हीच सवय जेव्हां एखाद्या कासवापुढें पालकाची जुडी टाकून समाधान पावते, तेव्हां त्या समाधानाची थोडी तपासणी करणें अवश्य आहे, असें आमचें मत आहे. आणि तेंच प्रस्तुत लेखांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

हा विषय कोठून निघाला, असें कोणी विचारील. अंबाजोगाईसारख्या गांवीं गुरेंढोरें, शेळ्या, कुत्रीं, मांजरें, फार तर पोपट, एवढाच पाळीव प्राण्यांचा परिवार पूर्वीं असे. आतां मात्र लहान गांवांतूनही कांचेच्या पेटींतील सरपटणाऱ्या प्राण्यांचा शौक येऊं लागला आहे. त्यांत पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलें जमिनीवरचें कासव, ज्यास लोक 'स्टार कासव' म्हणतात, तें सर्वांत पुढें आहे. हें कासव घरांत असलें म्हणजे लक्ष्मी नांदते, वास्तूचा दोष जातो, अशी समजूत पसरविली गेली आहे. देवळाच्या सभामंडपांत दगडी कासव असतें, त्यावर आपण हात टेकून पुढें जातों. परंतु त्या दगडी कासवाला भूक लागत नाहीं, एवढा भेद ह्या समजुतीचे पुरस्कर्ते सोयीनें विसरतात. गुजरात व राजस्थान, दक्षिणेकडील कोरडीं रानें आणि श्रीलंका हें ह्या प्राण्याचें घर. तेथून तीं पोत्यांत भरून उचललीं जातात. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, भारतांतील एकाच व्यापारकेंद्राभोंवतीं वर्षभरांत निदान ५५,००० कासवें रानांतून पकडलीं गेलीं असा हिशेब मांडिला आहे. २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारान्वयें ह्या जातीस सर्वोच्च संरक्षण मिळालें, आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत २०२२ सालीं झालेल्या दुरुस्तीनें, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली, तें पहिल्या अनुसूचींत गेलें. म्हणजे हें कासव घरीं बाळगणें हा गुन्हा आहे, आणि तो क्षुल्लक गुन्हा नव्हे. तेव्हां ह्या लेखांत आहाराविषयीं जें आम्ही लिहूं, तें कोणास कासव आणण्याचें उत्तेजन म्हणून नव्हे, हें प्रथमच सांगून ठेवितों.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. पहिला घोटाळा आपल्या भाषेनेंच करून ठेविला आहे. मराठींत जमिनीवर चालणारें तेंही कासव आणि तळ्यांत पोहणारें तेंही कासवच. दोघांना एकच नांव असल्यामुळें दोघांना एकच बादली व एकच घास मिळतो. मांजरा नदीच्या डोहांत आढळणारें मऊ पाठीचें कासव हें मासे, बेडूक, गोगलगाई खाणारें आहे. त्याच्यापुढें मेथी टाकणें म्हणजे मांजरापुढें कडबा टाकण्यासारखें होय. उलट चांदण्यांचें कासव हें कोरड्या माळावरचें, गवतपाल्यावर जगणारें. त्याला पाण्यानें भरलेल्या टबांत सोडलें तर तें पोहत नाहीं, बुडतें. असे प्रकार अज्ञानानें घडतात आणि मग "कासव लाभलें नाहीं" असें म्हणून नशिबाला बोल लाविला जातो! ज्याचें नांव ठाऊक आहे त्याचा स्वभावही आपणांस ठाऊक आहे, असें समजण्याची घाई मनुष्यास फार.

पाला खाणाऱ्या कासवापुढें आपण कोणता पाला ठेवितों? तोच, जो आपल्या ताटांत असतो. मंडईंतून येतांना पालक, चुका, कोथिंबीर, कोबी आणलेला असतो. निवडतांना उरलेलीं पानें कासवाला. यांत काटकसरही होते व पुण्यही लाभतें. परंतु पालक, चुका, राजगिरा, चाकवत, घोळ ह्या ज्या भाज्या आपण चवीनें खातों, त्या सर्वांत ऑक्झॅलिक आम्ल पुष्कळ असतें. पालकांत कॅल्शियम नसतें असें नाहीं, असतें. पण हें आम्ल त्या कॅल्शियमला असें घट्ट धरून ठेवितें कीं तें आंतड्यांतून शरीरांत शिरूंच शकत नाहीं. आपणांस त्याची विशेष झळ लागत नाहीं, कारण आपण पालकाबरोबर भाकरी, डाळ, दूध, दही असें दहा तऱ्हेचें खातों, आणि आपल्या पाठीवर हाडांचा डोलारा वाहावयाचा नसतो. कासवाचें तसें नाहीं. त्याची पाठ म्हणजे त्याच्या बरगड्या व कणा एकत्र जुळून झालेलें हाडांचें छप्पर आहे. वाढत्या वयांत त्याला लागणारें कॅल्शियम अतोनात. आणि तें अन्नांतून मिळालें नाहीं तर शरीर तें स्वतःच्या हाडांतूनच काढून घेतें. मग पाठ अंगठ्यानें दाबली असतां लवते, जबडा मऊ पडतो, पाय अंग उचलीनासे होतात. जाणकार सांगतात कीं अशा प्राण्याच्या अन्नांत फॉस्फरसच्या मानानें कॅल्शियम निदान दुप्पट असावें. आपल्या आवडीच्या बहुतेक फळांत व धान्यांत हें प्रमाण नेमकें उलटें असतें.

कोबी, फुलकोबीचा पाला, मोहरी, मुळ्याचा पाला यांची गोष्ट निराळी. ह्यांत अशीं द्रव्यें असतात कीं नित्य खाल्ल्यास गळ्यांतील थायरॉईड ग्रंथीच्या कामांत अडथळा येतो. क्वचित एखादें पान दिल्यानें कांहीं बिघडत नाहीं. रोजचा रतीब मात्र घालूं नये. हॉटेलांत सजावटीस ठेवितात तीं सॅलडचीं फिकट पानें म्हणजे तर हिरव्या रंगाचें पाणीच.

मग द्यावें तरी काय? आणि येथेंच आम्हांस ह्या विषयाची खरी गोडी वाटते. अंबाजोगाईच्या भोंवतालच्या शिवारांत, बालाघाटच्या ह्या पठारावर, जें जें शेतकरी खुरप्यानें उपटून बांधावर फेंकतो त्यांतलेंच पुष्कळसें ह्या प्राण्याचें खरें अन्न आहे. बांधावर जमिनीसरशी पसरणारी, तोडली असतां पांढरा चीक येणारी पाथरी घ्या. भाजीबाजारांत तिला फारसें कोणी विचारीत नाहीं. पण तिच्याच कुळांतील दुधाळ पानांचीं तणें पाश्चात्त्य देशांतील कासवपालक मुद्दाम कुंड्यांतून लावितात. हराळी घ्या. गणपतीला एकवीस दूर्वा वाहतांना ज्या हराळीचें आपण कौतुक करितों, तीच शेतांत निघाली कीं शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात; परंतु गवत खाणाऱ्या कासवाला रोज हवें असतें तें हेंच, चरबरीत, तंतुमय, चावून तोडावें लागणारें गवत. कासवाला दांत नसतात. शिंगासारखी धारदार चोंच असते, आणि कठीण गवत तोडतांना ती झिजून योग्य आकारांत राहते. मऊ भाजीवर वाढलेल्या कासवाची चोंच वेडीवांकडी वाढून शेवटीं त्याला तोंडच मिटतां येत नाहीं. अंगणांतल्या जास्वंदीचीं पानें व फुलें, भोपळ्याच्या वेलाचा पाला, रताळ्याच्या वेलाचीं पानें हीं सर्व चालतात. कांटे भाजून काढलेल्या फड्या निवडुंगाचा तुकडाही चालतो. चार्ल्स डार्विन १८३५ सालीं गॅलापागोस बेटांवर गेला असतां, पाणी नसलेल्या बेटांवरचीं प्रचंड कासवें मुख्यत्वेंकरून निवडुंगावरच जगतात असें त्यानें लिहून ठेविलें आहे. ज्या मराठवाड्यानें दुष्काळावर दुष्काळ पाहिले, आणि २०१६ सालीं शेजारच्या लातुरास आगगाडीनें पाणी आलेलें पाहिलें, त्या मराठवाड्यास निवडुंगाची थोरवी निराळी सांगावयास नको.

तुतीचा उल्लेख मुद्दाम स्वतंत्र करितों. आपल्या बीड जिल्ह्यांत रेशीमकिड्यांसाठीं तुतीची लागवड बरीच झाली आहे. तुतीचें पान पाला खाणाऱ्या कासवास व सरड्यास उत्तम मानवतें. त्यांत एक गुण असा कीं, रेशीमकिडा विषारी औषधानें तत्काळ मरतो म्हणून तुती लावणारा शेतकरी तिच्यावर फवारा मारतांना दहा वेळां विचार करितो. इतर पाल्याविषयीं ही खात्री कोण देईल? कापसाच्या व सोयाबीनच्या पट्ट्यांत आज खुरप्याची जागा तणनाशकानें घेतली आहे. वर हिरवी दिसणारी बांधावरची पाथरी कालच फवाऱ्याखालीं भिजलेली असूं शकते. बाजारांतील मेथीचीही तीच कथा. आपण ती दोनदां धुऊन, शिजवून खातों. कासव ती कच्चीच खातें, आणि त्याचा देह आपल्या मुठीएवढा असतो. म्हणून जेथें फवारा मारिला जात नाहीं हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें आहे तेथलाच पाला तोडावा, हा नियम आम्हांस इतर सर्व नियमांहून महत्त्वाचा वाटतो. कण्हेर, रुई, धोतरा, घाणेरी, एरंड आणि सर्वत्र माजलेलें गाजरगवत यांना तर हात लावूं नये. शेळीही ज्याला तोंड लावीत नाहीं तें पेटींत कोंडलेल्या प्राण्यापुढें टाकूं नये. रानांतला प्राणी वास घेऊन पुढें जातो. पेटींतल्याला पुढें जावयास जागाच नसते.

यावर कित्येकांचें म्हणणें असें कीं, "आमचें कासव भात खातें, पोळी खातें, दुधांत बुडविलेला पाव खातें, टोमॅटो तर धांवत येऊन खातें, मग त्याला आवडतें तें कां देऊं नये?" हा युक्तिवाद आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकिला आहे व त्यांत प्रेम आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु लहान मूल गोळ्यांची बरणी पाहून धांवत येतें म्हणून त्याला जेवणाच्या वेळीं गोळ्या वाढणारी आई आम्हीं पाहिली नाहीं. कासवाला लाल-पिवळा रंग खुणावतो. रानांत असें गोड फळ त्याला वर्षांतून थोडे दिवस, पडलेलें, चुकून मिळतें. रोज मिळालें म्हणजे त्याच्या आंतड्यांतील पाला कुजवून पचविणाऱ्या सूक्ष्म जंतूंची घडी मोडते. हगवण लागते. दुधाविषयीं काय लिहावें! ज्या वर्गांतील प्राण्यांच्या माता पिलांना दूध पाजीतच नाहींत, त्या वर्गांतील प्राण्याला दूध पाजणें हें नागपंचमीच्या दुधासारखेंच भाबडेपण आहे.

आणि खरा धोका असा कीं ह्या चुकांचें फळ लवकर दिसत नाहीं. कुत्रें दोन दिवस जेवलें नाहीं तर घर डोक्यावर घेतें, शेळी हंबरते, कासव कांहींच करीत नाहीं. गीतेंत स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे, म्हणून हातपाय आंत ओढून बसलेलें कासव शांत आहे असें आपण समजतों. प्रत्यक्षांत तें भुकेनें किंवा थंडीनें जड झालेलें असूं शकतें. आमच्या परिचयाच्या एका घरीं असें एक कासव तीन वर्षें पालक, काकडी व भातावर होतें. घरच्या मंडळींचा त्यावर जीव होता. नैवेद्याच्या वेळीं त्याचेंही पान मांडलें जाई. तिसऱ्या वर्षीं तें चालेनासें झालें तेव्हां घरांतील आजींनीं म्हटलें, "बापडं म्हातारं झालं." ज्या प्राण्याचें आयुष्य दशकांनीं मोजावयाचें, तो त्या वेळीं पुरता वयांतही आलेला नव्हता.

पाला योग्य असला तरी तेवढ्यानें काम भागतें असें मात्र कोणीं समजूं नये. अन्नांतील कॅल्शियम शरीरानें घ्यावें यासाठीं 'ड' जीवनसत्त्व लागतें व तें उघड्या उन्हांतील अतिनील किरणांनीं अंगांत तयार होतें. खिडकीच्या कांचेंतून आलेलें ऊन दिसावयास तेंच, पण ते किरण कांच अडवून ठेविते. म्हणून कांचेच्या पेटींतून सूर्यदर्शन घडविणें हें चित्रांतील भाकरी दाखविण्यासारखें आहे. शिवाय ह्या प्राण्यांचें रक्त बाहेरच्या हवेप्रमाणें गरम किंवा गार होतें. पौष महिन्यांत आपल्या पठारावर रात्रीं जी बोंचरी थंडी पडते, तीत फरशीवर बसलेल्या कासवाच्या पोटांतील पाला पचत नाहीं, नुसता पडून राहतो. संध्याकाळीं उशिरां प्रेमानें दिलेला घास अशा वेळीं उपकार करीत नाहीं. कित्येक कासवांच्या पाठीवर जे अवाजवी उंच सुळके येतात त्यांचा दोष पूर्वीं केवळ पौष्टिक अन्नावर टाकीत असत. २००३ सालीं आफ्रिकेंतील एका मोठ्या जातीच्या पिलांवर प्रयोग करून असें दाखविण्यांत आलें कीं, अन्नांतील प्रथिनांपेक्षां हवेंतील कोरडेपणाचा त्यांत अधिक वांटा असतो. एवंच, ताटांतील पान हा प्रश्नाचा अर्धाच भाग.

हिरव्या इग्वानाविषयीं थोडें लिहावयास पाहिजे, कारण कायद्याची अडचण टाळण्यासाठीं कित्येक हौशी लोक कासवाऐवजीं हा परदेशी सरडा आणितात. दुकानांत तो वीतभर असतो. पूर्ण वाढल्यावर शेपटीसह दीड मीटरपर्यंत जातो, हें विकणारा सांगत नाहीं. हा जवळजवळ पूर्णपणें पाला खाणारा आहे. त्याच्या आंतड्यांत पडदेवजा कप्पे असून त्यांत पाला आंबवून पचविला जातो, आणि तें काम करणारे जंतू पिलाला जन्मतः मिळालेले नसतात. कॅथरिन ट्रॉयर ह्या विदुषीनें १९८२ सालीं दाखवून दिलें कीं, रानांतलीं पिलें मोठ्या इग्वानांच्या सहवासांत राहून त्यांच्या विष्ठेंतून ते जंतू मिळवितात. आतां विचार करा: अंडें फुटतांच वेगळें काढून, पेटींत बंद करून, समुद्रापलीकडे पाठविलेल्या पिलाला हा वारसा कोण देणार? त्याच्यापुढें जगांतील उत्तम पाला ठेविला तरी तो पचविण्याची शिदोरी त्याच्यापाशीं असेलच असें नाहीं. पुष्कळ लोक किडे, अंडें, मांस घालून त्याला 'ताकद' देऊं पाहतात. पाला पचविण्यासाठीं घडलेल्या देहावर हा निव्वळ भार होतो.

अन्न समजून घातलें तर काय होऊं शकतें याचा एक आनंददायक दाखला दक्षिण अटलांटिक महासागरांतील सेंट हेलेना बेटावर आहे. तेथें जोनाथन नांवाचें एक अजस्र कासव आहे. त्याचा जन्म १८३२ च्या सुमारास झाला असें मानितात, आणि १८८२ सालीं तें त्या बेटावर आणिलें गेलें. वार्धक्यानें त्याची दृष्टि व वास घेण्याची शक्ति गेली. गवत नीट शोधतां येईना. चोंच बोथट व ठिसूळ झाली. तेव्हां तेथील पशुवैद्यानें आठवड्यांतून एकदां स्वतः हातानें त्याला भाज्या व फळें भरविण्यास आरंभ केला. कांहीं काळानें त्याची चोंच पुन्हां धारदार झाली व तें पुन्हां गवत तोडूं लागलें. ह्या गोष्टीवरून कोणी म्हणेल, "पहा, फळें दिलींच ना!" दिलीं, पण तीं चरण्याच्या जागीं नव्हे, चरण्याला जोड म्हणून, काय उणें पडलें आहे तें आधीं ओळखून. उणें काय आहे तें न पाहतां आपल्या घरीं काय उरलें आहे तें पाहणें, हा आपला मार्ग आहे. आणि आमचा सारा आक्षेप एवढ्यावरच आहे.

कायद्यानें बाळगतां येतो असा परदेशी प्राणी ज्यांच्या घरीं आहे, त्यांनीं २०२४ च्या नियमांप्रमाणें त्याची रीतसर नोंदणी करून घ्यावी, आणि तो नकोसा झाला म्हणून तळ्याकांठीं किंवा मुकुंदराजांच्या दरींत नेऊन सोडूं नये. उपाशी मेला तर तो जीव गेला. जगला तर येथल्या जिवांचा घास गेला. आजारी प्राण्यासाठीं मराठवाड्यांतच परभणी व उदगीर येथें पशुवैद्यकीय महाविद्यालयें आहेत. घरगुती उपचारांत महिने घालविण्यापेक्षां तेथवरचा प्रवास बरा.

राहिलें चांदण्यांचें कासव. तें ज्यांच्या घरीं आहे त्यांनीं तें लपवून ठेवूं नये किंवा दुसऱ्यास विकूंही नये. वनखात्याच्या कचेरींत किंवा १९२६ ह्या क्रमांकावर कळवून स्वाधीन करावें. विद्यार्थ्यांना आमची विशेष विनंती अशी कीं, घरांतील वडील मंडळी ह्याबाबतींत कचरत असतील तर त्यांच्याशीं नम्रपणें, पण न थकतां बोलावें. आणि वनरक्षक येईपर्यंत जो एखाद-दुसरा दिवस जाईल, त्यांत पालकाची जुडी बाजूस ठेवून, फवारा न लागलेल्या बांधावरची मूठभर हराळी व चार पानें पाथरीचीं आणावीं. कासवाला मान बुडणार नाहीं अशा उथळ थाळींत कोमट पाणी द्यावें. आणि सकाळीं ऊन अंगणांत आलें म्हणजे त्याला पेटीबाहेर काढून, अर्धी जागा सावलींत राहील अशा बेतानें, मातीवर ठेवावें.